समाजाचं भान ठेवून तंत्रज्ञान वापरलं तर कंपनीला नवं काही करता येतं, की हात बांधले जातात?

सुरुवातीला हात बांधलेच जातात, हे आधी सांगून टाकतो.

मी छत्रपती संभाजीनगरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही प्रोग्रॅम बनवतो. काट्यावरून वजन घ्यायचं, मिल्कोटेस्टर या दूध तपासायच्या यंत्रावरून फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) यांची टक्केवारी घ्यायची, दर लावायचा, पावती काढायची. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरून असतो, त्याखाली गेलं की कपात. सगळा खेळ पॉइंटांचा, म्हणजे दशांशापुढच्या आकड्याचा. आणि आमच्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये केंद्रचालकाला यंत्रावरून आलेला आकडा हाताने बदलता यायचा. यंत्र बिघडलं तर अडू नये म्हणून ठेवलेली सोय.

आष्टी तालुक्यात एका केंद्रावर एका मावशींनी मला धरलं. "सायेब, मशीनवर तीन आठ दिसलं, अन् चिठ्ठीवर तीन पाच कसं आलं?" मला कारण माहीत होतं, पण चालक शेजारीच उभा होता. गप्प बसलो.

परत आल्यावर बरीच भांडणं होऊन ठरलं: आकडा बदलता येईल, पण लपून नाही. हाताने भरलेल्या आकड्यापुढे पावतीवर फुली छापायची. दोन केंद्रांनी लगेच आमचा प्रोग्रॅम काढून टाकला. आमच्या कंपनीच्या साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

गंमत पुढे आहे. फुल्यांची नोंद आमच्याकडे साठत गेली. काही केंद्रांवर संकलन सुरू झाल्यावर तासाभराने फुल्या एकदम वाढायच्या. आम्हाला वाटलं, चोरी. जाऊन पाहिलं तर यंत्र मधे धुतलंच जात नव्हतं. नळीत फॅट साचून आकडे भरकटायचे आणि बिचारा चालक अंदाजाने दुरुस्त करायचा. मग प्रोग्रॅमच 'आता यंत्र धुवा' म्हणून सांगू लागला. आज नवे गिऱ्हाईक आधी हीच सोय मागतात. फुली छापली नसती तर ही गोष्ट आम्हाला सुचणंच शक्य नव्हतं.

मोठ्या पातळीवर २०२२ मध्ये आलेलं यूपीआय १२३पे बघा. साधा फोन, इंटरनेट नाही, अशा माणसाला वगळायचं नाही म्हटल्यावरच साध्या कॉलवरून, मिस्ड कॉलवरून पैसे पाठवण्याच्या वाटा निघाल्या.

याची सीएसआरशी, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाशी, मात्र गल्लत करू नका. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. शाळेला संगणक मिळतात, चांगलंच आहे. पण त्याने कंपनीच्या मालात काडीचा फरक पडत नाही.

आणि हो, सोडून गेलेल्या दोन केंद्रांपैकी एक परत आलं. दुसऱ्याने गुपचूप आकडा बदलू देणारा प्रोग्रॅम घेतलाय, तो अजून चालू आहे.