दहशतवादी हल्ल्यानंतरही ब्रिटिश लोकांना विनोद कसा सुचतो?
३ जून २०१७ला लंडन ब्रिज आणि बरो मार्केटमध्ये हल्ला झाला, ८ जणांचा जीव गेला. पळणाऱ्या गर्दीत एकजण हातातला बिअरचा ग्लास सांभाळत चाललेला, तो फोटो जगभर फिरला. अमेरिकी वृत्तपत्राने ‘ब्रिटन हादरलंय’ म्हटल्यावर लोकांनी ट्विटरवर सुनावलं, आम्ही हादरतो ते कुणी मायक्रोवेव्हमध्ये चहा केला किंवा उजवीकडे उभं राहायचा शिरस्ता मोडून सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहिलं तर! हल्ल्यावेळी जेवण सोडून पळालेलं एक गिऱ्हाईक तर राहिलेलं बिल आणि टिप द्यायला त्याच हॉटेलात परत गेलं. याला बेफिकिरी म्हणू नका. १४ जूनला मार्केट उघडलं तेही आधी मृतांसाठी स्तब्ध उभं राहूनच. मारेकऱ्यांना हवी असलेली घबराट त्यांना मिळू द्यायची नाही, हा त्यामागचा हट्ट मला फार मोलाचा वाटतो.