घोडं अडलं, अडकलं की अटकलं?

भाची इंदूरलाच, विजयनगरात एका छोट्या ऑफिसात वेबसाइटी बनवते. एका नमकीनवाल्याच्या साइटवर तिनं असं केलंय की पान उघडलं की शेवेचा डबा डावीकडून सरकत येतो आणि मधोमध येऊन झाकण उघडतो. लॅपटॉपवर क्रोममध्ये ठीक, फायरफॉक्समध्ये ठीक, सफारीत, म्हणजे आयफोन-आयपॅडवरच्या ब्राउझरात, घोळ. पुण्याच्या सहकारी बाईंना तिनं कळवलं, "सफारीत अ‍ॅनिमेशन अटकतंय." उत्तर आलं, "अटक पोलीस करतात. अडकतंय म्हण." म्हणून तिचा मला प्रश्न: "मामा, आपल्याकडे आजीपासून सगळे अटकतंच म्हणतात. राजवाड्याच्या गर्दीत गाडी अटकते, घशात घास अटकतो. हे मराठी नाहीच का?"

आहे. पुण्याच्या बाईंना 'अटकाव' चालतो ना? ठरणे-ठराव, जमणे-जमाव, तसा अटकणे-अटकाव. 'दारातच अटकावलं' हेही त्या बिनदिक्कत म्हणत असतील. मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशात अटकणे नोंदलेलं आहे. तेव्हा हा शब्द हिंदीतून उचलला म्हणून कुणी नाक मुरडायचं कारण नाही. ('अटकेपार झेंडे' मधली अटक मात्र मध्ये आणू नकोस. ते सिंधूकाठचं गाव. १७५८च्या त्या पंजाबच्या मोहिमेत आपले मल्हारराव होळकर होते म्हणून इंदूरच्या माणसाला तिची आठवण लगेच होते, एवढंच.)

आता दुसरी बाजू, आणि ती तुला आवडणार नाही. शब्द मराठी असला तरी आपण इंदूरकर तो वापरतो हिंदीच्या अर्थानं. हिंदीत 'अटकना' हा फार मोठ्या पोटाचा शब्द आहे: पदर काट्यात अटकतो, काम अटकतं, बोलताना माणूस अटकतो, फाइल साहेबाकडे अटकते. मराठीत या प्रत्येकाला वेगळं क्रियापद आहे, आणि आपल्या घरांतून ती एकेक करून उठून गेली. सगळ्यांच्या जागेवर एकटं अटकणे बसलंय.

जरा बघ. अडणे म्हणजे काहीतरी नसल्यामुळे पाऊलच न उचलणं. पैशावाचून अडतं, 'तुझ्यावाचून माझं काही अडत नाही', अडला हरी गाढवाचे पाय धरी. यात 'वाचून' आपोआप येतो. अडकणे हे त्यातूनच 'क' लागून झालं, सरणे-सरकणे सारखं, पण त्याला 'त' लागतो: काट्यात, दारात, कामात. कशात तरी सापडल्याशिवाय कुणी अडकत नाही. अडखळणारा चालत असतो, फक्त ठेचा खात चालतो. खोळंबणारा धडधाकट असतो, दुसऱ्याची वाट पाहत उभा असतो. आणि अटकाव होतो तिथं अडवणारा कुणीतरी असतो, त्याला अधिकारही असतो. म्हणून तर पुण्याच्या कानाला त्या शब्दात पोलीस ऐकू येतो.

हे सगळं बारीक कशाला पाहायचं? तुझ्याच डब्यासाठी. परवा तू सगळी कहाणी सांगितलीस तेव्हा माझ्या लक्षात आलं की 'सफारीत अटकतंय' या एका वाक्यात तू दोन निराळी दुखणी कोंबली होतीस, आणि म्हणून दोन दिवस नको तिथं शोधत बसलीस.

पहिलं दुखणं ऑफिसातल्या जुन्या आयपॅडवरचं. तिथं डबा कधी दिसलाच नव्हता. जे निघालंच नाही ते अटकेल कसं? तू मात्र डब्याच्या चालीचे आकडे बदलत राहिलीस, कारण तुझ्या शब्दानं तुला सांगितलं होतं की डबा वाटेत थांबतो. खरी भानगड त्याच फाइलमध्ये खाली, किमतीच्या ओळीत निघाली. 'आधी रुपयाचं चिन्ह असेल तरच पुढचा आकडा धर' अशी अट घालणारा नमुना तू लिहिला होतास. त्याला लुकबिहाइंड म्हणतात असं तूच सांगितलंस. सफारीला तो मार्च २०२३ मध्ये, १६.४ या आवृत्तीपासून कळायला लागला. आयपॅड १५व्या आवृत्तीवरच राहिलेला. न समजणारा नमुना एका ओळीत दिसला की ब्राउझर ती ओळ सोडून पुढे जात नाही, अख्खी फाइलच परत करतो. डब्याचा त्या किमतीशी काही संबंध नसला तरी. मग तो नमुना काढून तू साधी ओळ लिहिलीस आणि डबा धावला. याला मराठीत म्हणतात घोडं अडणं. 'अडलंय' म्हटलं असतंस तर पुढचा प्रश्न 'कशावाचून?' असाच आला असता, आणि तिथून सफारीच्या आवृत्तीपर्यंत पोचायला दोन दिवस लागले नसते. निदान मला तसं वाटतं. मी व्याकरणवाला माणूस, मला तसंच वाटणार.

दुसरं दुखणं तुझ्या आयफोनवरचं. तिथं डबा येत होता, पण गचके खात आणि दुप्पट वेळ घेऊन. म्हणजे अडखळत होता आणि रेंगाळतही होता. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगतो असं धरून तू दर वेळी डबा ४ पिक्सेल पुढे ढकलत होतीस. ४८० पिक्सेलची वाट २ सेकंदांत संपायची. पण तुझ्या फोनची बॅटरी पिवळी होती, लो पॉवर मोड चालू. त्यात सफारी हा रंगण्याचा ठोका सेकंदाला ३० वर आणते. तीच वाट ४ सेकंदांची झाली. उपाय तू केलास तोच बरोबर: किती ठोके पडले ते न मोजता किती वेळ गेला ते मोजायचं आणि त्यावरून डब्याची जागा काढायची. १२० ठोक्यांच्या नव्या पडद्यावर नाहीतर तोच डबा उलट दुप्पट वेगानं पळाला असता.

आणि 'फक्त सफारीत' हेही पुरतं खरं नव्हतं. क्रोम तू लॅपटॉपवर पाहिलंस. आपल्याकडच्या आयफोनवर क्रोम उघडलं असतंस तरी आत सफारीचंच इंजिन, वेबकिट. तिथंही हेच झालं असतं.

पण गंमत पुढेच आहे. डबा अडखळत होता तो कुणामुळे? बॅटरी वाचवायची म्हणून फोननं मुद्दाम हात धरला होता. सगळं ठाकठीक असताना अधिकारानं घातलेली रोक. म्हणजे 'डब्याला सफारीनं अटकाव केला' हे वाक्य त्या फोनपुरतं अगदी चोख मराठी झालं असतं! आवाजासकट आपोआप सुरू होणारा व्हिडिओ सफारी दाबून धरते, तिथंही हाच शब्द. एखाद्यानं फोनच्या सेटिंगमध्ये 'हालचाल कमी करा' निवडलं असेल तर त्याच्यापुढे डबा हलताच कामा नये. तो बिघाडच नव्हे, तो वापरणाऱ्यानं केलेला अटकाव.

आणि पुण्याच्या बाईंचं 'अडकतंय'? ते दोन्हीकडे चूक. डबा कशातही सापडला नव्हता. त्यांना हे माझ्या नावानं सांगायला हरकत नाही.

घरी गाडी अटकू दे, घासही अटकू दे. ती आपली इंदुरी, तिला मी हात लावणार नाही. ऑफिसात बिघाड लिहून पाठवताना मात्र आजीच्या आजीचे शब्द काढ. 'डीबग करणे'ला मराठी शब्द काय, असंही तू जाता जाता विचारलंस. नवा शब्द घडवायच्या भरीस मी पडत नाही. 'घोडं कुठं अडलंय ते बघते' असं म्हण, बाईंना कळेल. राहिलं आपल्या घरातलं 'लाइट चालली गेली'. ते मात्र शुद्ध 'बिजली चली गई' आहे, आणि ते तुझ्या मामीला सांगायची माझी अजून हिंमत झालेली नाही.