शिक्षा झालेला नेता परत हार घालून कसा फिरतो? — वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं

या महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून जे काही आलं त्यातलं अर्ध्याहून जास्त एकाच विषयावर होतं, कोर्टाने दोषी ठरवलेले पुढारी आणि आपला निवडून दिलेल्या लोकांवरचा उडालेला विश्वास. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी शक्य नाही म्हणून चार प्रश्न घेतलेत, पहिल्याचं उत्तर लांबलंय पण ते तसंच ठेवलंय कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

प्रश्न : ताई, टीव्हीवर सांगतात अमक्याला कोर्टाने शिक्षा केली, त्याची आमदारकी गेली. आणि थोड्या दिवसांनी बघावं तर तोच माणूस गळ्यात हार घालून जीपमध्ये उभा. कायदा आहे का नाही? मी 74 वर्षांची आहे, एकही मतदान चुकवलं नाही. — एक आजी, सुदामानगर

आजी, कायदा आहे, आणि पूर्वीपेक्षा बराच कडक आहे. 1951 चा लोकप्रतिनिधित्व कायदा, त्याचं कलम 8. साध्या भाषेत सांगते. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त कैद झाली कि खासदारकी आमदारकी गेली, आणि शिक्षा भोगून बाहेर आल्यावर पुढची सहा वर्षं निवडणुकीला उभं राहता येत नाही. भ्रष्टाचाराच्या कायद्याखाली दोषी ठरला तर दोन वर्षांचीसुद्धा अट नाही, नुसता दंड झाला तरी सहा वर्षं बाहेर.

पण 2013 पर्यंत याला एक मोठं भोक होतं. जो आधीच खासदार किंवा आमदार आहे त्याने तीन महिन्यात वरच्या कोर्टात अपील टाकलं कि अपिलाचा निकाल लागेपर्यंत खुर्ची शाबूत, आणि आपल्याकडे अपिलाचा निकाल कधी लागतो ते मी रोज बघते, तोपर्यंत पाच वर्षं आरामात निघून जायची. हे भोक बुजवायला ज्या वकील बाई सुप्रीम कोर्टात गेल्या त्यांचं नाव लिली थॉमस. 10 जुलै 2013 ला ते भोक बंद करणारा निकाल लागला तेव्हा त्या ऐंशीच्या पुढे होत्या. आजी, हे मुद्दाम तुमच्यासाठी लिहिलंय. तो निकाल उलटवायला तेव्हाच्या सरकारने वटहुकूम काढायचं ठरवलं होतं, फार ओरड झाली, त्यांच्याच पक्षातून विरोध झाला आणि 2 ऑक्टोबरला तो मागे घेतला. त्याच महिन्यात राज्यसभेचे रशीद मसूद यांची खासदारकी गेली आणि पाठोपाठ चारा घोटाळ्यात पाच वर्षांची शिक्षा झालेल्या लालूप्रसाद यादवांची.

आता तुमचा हारवाला माणूस. त्याला बघून एकच प्रश्न विचारायचा, हा सुटलाय म्हणजे नेमका कसा सुटलाय? कारण कोर्टात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि बातमीत तिन्हीचा एकच काला होतो.

एक म्हणजे जामीन. शिक्षा आहे, दोषीपण आहे, फक्त अपील चालू असेपर्यंत माणूस तुरुंगाबाहेर आहे. हा उभा राहू शकत नाही, पण सभा घेऊ शकतो, तिकीटं वाटू शकतो, पक्षाचा अध्यक्षही राहू शकतो, त्याला कायद्यात कुठेच आडकाठी नाही. 2015 च्या बिहारच्या निवडणुकीत लालूप्रसाद असेच जामिनावर होते, स्वतः उभे राहू शकत नव्हते, पण पक्ष त्यांचाच आणि सभाही त्यांच्याच. मला विचाराल तर आज कायद्यातलं सगळ्यात मोठं भोक हेच आहे.

दुसरं म्हणजे दोषी ठरवण्यालाच स्टे, म्हणजे स्थगिती. हा क्वचित मिळतो पण मिळाला कि गेलेली जागा परत येते. राहुल गांधींना 23 मार्च 2023 ला सुरतच्या कोर्टाने मानहानीच्या केसमध्ये दोन वर्षांची शिक्षा दिली, दुसऱ्याच दिवशी खासदारकी रद्द, 4 ऑगस्टला सुप्रीम कोर्टाचा स्टे आणि 7 ऑगस्टला ते परत लोकसभेत. लक्षद्वीपच्या खासदारांचं तर असं झालं कि जानेवारी 2023 मध्ये खुनाच्या प्रयत्नात दहा वर्षांची शिक्षा, पोटनिवडणूक जाहीरसुद्धा झाली, मग हायकोर्टाचा स्टे आला आणि ती निवडणूक थांबवावी लागली.

आणि तिसरं म्हणजे अपिलात खरोखर निर्दोष सुटणं. हे पण होतं, आणि तेव्हा अन्याय झालेला असू शकतो हे मान्य करावं लागतं. रामपूरच्या आझम खान यांना 2022 मध्ये भडकाऊ भाषणाच्या केसमध्ये तीन वर्षं झाली, आमदारकी गेली, डिसेंबरमध्ये तिथे पोटनिवडणूक होऊन दुसरा माणूस निवडून पण आला आणि मे 2023 मध्ये त्या केसमधून ते अपिलात सुटले. जागा काही परत मिळाली नाही.

म्हणून आजी, हार दिसला कि राग येऊ द्या पण आधी या तिन्हीतला तो कुठला ते कोणालातरी विचारा. माझा राग पहिल्यावर आहे, कारण त्याला जीपमध्ये उभं करणारे आपल्याच गल्लीतले असतात.

प्रश्न : मी 2024 ला लोकसभेत नोटा (वरीलपैकी कोणीच नाही) दाबलं, आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांनी दाबलं. इंदूरने देशात रेकॉर्ड केला म्हणे. पुढे काय झालं? काहीच नाही. मग उपयोग काय? — एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, भंवरकुआं

उपयोग काय ते सांगते पण आधी जे झालं ते नीट लिहू कारण दोन वर्षांत लोक विसरायला लागलेत. नावं मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, 29 एप्रिलला, काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि भाजपत गेले, मग काँग्रेसने लोकांना नोटा दाबायला सांगितलं. नोटाला 2,18,674 मतं पडली. त्याआधीचा रेकॉर्ड बिहारच्या गोपालगंजचा होता, 2019 मध्ये 51,660. भाजपचे शंकर लालवानी 11,75,092 मतांच्या फरकाने निवडून आले. नोटा दोन नंबरवर होतं.

आणि कायद्याने त्याचा परिणाम शून्य, हे तुझं बरोबर आहे. 27 सप्टेंबर 2013 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने नोटाचं बटण आलं पण नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. ज्या शहराने सुमित्राताई महाजनांना आठ वेळा लोकसभेत पाठवलं, समोर कोण उभं आहे ते बघून पाठवलं, त्या शहरात मतदाराला निवडच उरू नये याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं आणि अजून वाटतं.

पण बेटा, नोटा हे मतदानाच्या दिवसाचं हत्यार आहे आणि तोपर्यंत सगळं ठरून गेलेलं असतं. खरी जागा तिकीट देतानाची. 13 फेब्रुवारी 2020 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय कि गुन्हे दाखल असलेल्या माणसाला तिकीट दिलं तर पक्षाने 48 तासात वेबसाईटवर आणि पेपरमध्ये कारण छापायचं, दुसरा स्वच्छ माणूस का नाही मिळाला ते पण लिहायचं, आणि "हा निवडून येऊ शकतो" एवढंच कारण चालणार नाही. ती कारणं तुम्ही पोरांनी वाचा. बहुतेक ठिकाणी तीच तीन वाक्यं असतात, लोकप्रिय आहेत, समाजसेवा करतात, केस राजकीय सूडातून आहे. ग्रुपमध्ये त्याचे स्क्रीनशॉट टाका आणि पक्षाचा माणूस प्रचाराला दारात आला कि त्याच्यासमोर मोबाईल धरून विचारा. तेव्हा तो अजून मत मागायला आलेला असतो.

प्रश्न : माझा मुलगा 19 वर्षांचा. सगळे चोर आहेत म्हणतो आणि मतदार यादीत नाव घालायलाच तयार नाही. काय बोलू त्याच्याशी? — एक आई, लोकमान्यनगर

ताई, बोलू नका, त्याच्या शेजारी बसा. माझ्या भाच्याचं अगदी हेच होतं. मी त्याला एक दिवस स्वयंपाकघरात टेबलाशी बसवलं, पोहे होईपर्यंत म्हणलं चल एका उमेदवाराचं शपथपत्र उघडू. निवडणूक आयोगाच्या साईटवर सगळ्यांची असतात, फॉर्म 26. स्टॅम्प पेपर तिरका स्कॅन केलेला, प्रत्येक पानावर नोटरीचा गोल शिक्का, अर्धा अंगठ्याखाली गेलेला. पाचव्या सहाव्या पानावर तक्ता येतो, एफआयआर नंबर, थाना, धारा (म्हणजे कायद्याचं कलम), कोर्टाचं नाव, आरोप निश्चित झाले का, झाले असतील तर तारीख. आणि त्याच्या खाली शिक्षा झालेल्या केसेसचा वेगळा तक्ता.

पहिल्या उमेदवारावर चार केस. भाचा लगेच म्हणाला बघ, चोर! मी म्हणलं धारा वाच. 188, 341, परत 188. म्हणजे कलेक्टरचा हुकूम मोडून मोर्चा काढला, रस्ता अडवला. पाण्यासाठी रस्त्यावर बसलेल्या माणसावर पण हीच लागते. दुसऱ्याचं उघडलं, केस एकच, पण धारा 420, 467, 471, म्हणजे फसवणूक आणि खोटे कागद, आणि आरोप निश्चित, म्हणजे न्यायाधीशाने कागद बघून खटला चालवण्यासारखं आहे असं म्हणलेलं. एक केसवाला चार केसवाल्यापेक्षा गंभीर. तो बराच वेळ गप्प बसला मग म्हणाला मावशी हे कोणी सांगतच नाही. (1 जुलै 2024 पासून जुन्या दंड संहितेच्या जागी नवीन न्याय संहिता आली, फसवणुकीची 420 आता 318 मध्ये गेली, तेव्हा नव्या केसचे आकडे वेगळे दिसतील.)

हा कागद आपल्याला सहज नाही मिळाला हे पण त्याला सांगा. अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी 1999 मध्ये याचिका टाकली, 2 मे 2002 ला सुप्रीम कोर्टाने उमेदवाराची माहिती हा मतदाराचा हक्क म्हणलं, तर सगळे पक्ष एकत्र आले आणि कायदा बदलून टाकला, तो बदल 2003 मध्ये कोर्टाने परत पाडला. त्याच लोकांच्या संस्थेने, एडीआरने, 2024 च्या लोकसभेचा हिशोब मांडला, 543 पैकी 251 खासदारांनी स्वतःवर केसेस असल्याचं लिहून दिलंय. 2009 मध्ये 162 होते. दोषी ठरल्याचं लिहून देणारे 27. मला हा 251 आकडा पचत नाही, पण उरलेले 292 आहेत ना, आणि सगळे चोर म्हणलं कि त्या 292 ना आणि खोट्या कागदवाल्याला आपण एकाच रांगेत बसवतो, याचा फायदा कोणाला होतो ते मुलाला विचारा.

प्रश्न : आमच्या पार्षदावर (नगरसेवकावर) मारामारीच्या केस आहेत, सगळ्या मोहल्ल्याला माहीत आहे. पण रात्री 11 ला फोन केला तरी उचलतो, ड्रेनेज चोक झालं तर गाडी पाठवतो. समोर उभा होता तो सज्जन, पण फोन उचलत नाही. सांगा कोणाला मत देऊ? — एक रिटायर्ड काका, रामबाग

काका, चारी प्रश्नांत हाच अवघड आहे आणि तुम्ही प्रामाणिकपणे विचारलात. तुमच्या घरासमोर घाण पाणी तुंबलं असताना मी तुम्हाला घटनेचं कलम वाचून दाखवणार नाही.

पण एक आठवून बघा. 2016 च्या आधी आपल्या इंदूरमध्ये कचऱ्याची पेटी भरून रस्त्यावर सांडलेली असायची, उचलायला लावायची तर ओळख लागायची, कोणाचा तरी माणूस, कोणाचा तरी फोन. आता सकाळी गाणं वाजत गाडी येते, आपण ओला सुका वेगळा करून बादल्या घेऊन धावतो. 2017 पासून देशात पहिला नंबर. या गाडीसाठी गेल्या कित्येक वर्षांत तुम्ही कोणाला फोन केलात? कोणाचे उपकार झाले? कोणाचेच नाही, ते रोजचं काम झालं. ड्रेनेजची गाडी पण नगर निगमची (महापालिकेची) आहे, डिझेल आपल्या टॅक्सचं, ड्रायव्हरचा पगार आपला. ती फोनशिवाय येत नाही म्हणून फोनवाला माणूस मोठा झालाय. निगमच्या 311 अ‍ॅपवर तक्रार टाका, नंबर जपून ठेवा, गाडी नाही आली तर तो नंबर घेऊन निगमच्या झोन ऑफिसवर जा, एकटे नाही, गल्लीतले पाच जण मिळून. आणि त्या सज्जन माणसाला पण जाऊन तोंडावर सांगा कि फोन उचलत नसाल तर मत मागायला येऊ नका, नुसती स्वच्छ पाटी पुरत नाही.

पार्षदाच्या निवडणुकीतही शपथपत्र असतं. त्यातून केसचा नंबर काढा आणि ई-कोर्टच्या साईटवर टाका, पुढची तारीख दिसेल, मारामारीत कोणाचं डोकं फुटलं होतं, साक्षीदार येतात का फिरलेत ते पण हळूहळू कळतं. खटला उघड्या कोर्टात चालतो, कोणालाही मागच्या बाकावर बसता येतं. मी जिल्हा कोर्टात रोज असते. नंबर पाठवलात तर तारखेला जाऊन बसेन आणि काय झालं ते पुढच्या अंकात नाव न घेता लिहीन.