पोषणशास्त्रात पीएचडी करावी का? शरीरातली चरबी मोजण्याच्या संशोधनात करिअर आहे का?

आहे, पण पैसा उशिरा. गृहविज्ञानातून नेट परीक्षा काढा. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये येतात आणि घरचे काही दिवस लग्नाचा विषय काढत नाहीत. पण तुम्ही लिहिलंय, 'गाइडकडे बीआयए मशीन आहे, डेटा पटकन होईल.' बीआयए म्हणजे ज्यावर उभं राहिलं की चरबीची टक्केवारी दाखवतो तो काटा. तिथं माझं डोकं फिरलं.

माझ्या गाइडचंही हेच. बाई उभी करा, आकडा घ्या, पुढची बोलवा. एप्रिलात राळेगाव तालुक्यातल्या एका अंगणवाडीच्या ओसरीत मशीन मांडलं. बाया कापसाच्या पऱ्हाट्या उपटून थेट आलेल्या. टाचांना भेगा, तळवे वाळून टणक; मशीन आकडाच दाखवेना. ओल्या फडक्यानं पाय पुसले तेव्हा कुठं चाललं. जोडवी काढा म्हटलं तर एकही तयार नाही, आणि का व्हावं? त्यात एका काटकुळ्या बाईला चौतीस टक्के चरबी निघाली. ती म्हणे, "काहून व बाई, माह्या तं फासोया मोजून घे, चरबी कुठं लपली?"

मशीन चरबी मोजतच नाही. अंगातून बारीकसा करंट सोडून अडथळा मोजतं, त्यावरून पाण्याचा अंदाज, पाण्यावरून बिनचरबीच्या वजनाचा, आणि उरलेलं चरबीच्या नावावर. उन्हात घाम गाळून आलेल्या बाईचं पाणी कमी, म्हणजे चरबी जास्त! दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी तिलाच उभं केलं तर आकडा बराच उतरला. रातोरात झडली का?

दोन्ही वेळचे आकडे तक्ता करून प्रबंधात घातले, तर गाइडनी याज्ञिकांचं उदाहरण तोंडावर फेकलं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २२.३, पण चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१, २००४ च्या लॅन्सेटमध्ये आलंय. मान्य, बारीक माणसातही चरबी असते. पण ते मोजमाप डेक्सावरचं, म्हणजे क्ष-किरणांच्या स्कॅनवरचं, ओसरीतल्या काट्यावरचं नव्हे. 'तो सकाळ-दुपारचा तक्ता काढून टाक' म्हणाले. मी ठेवला. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरच्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्याच तक्त्यावर घालवला, आणि गाइड शेजारी बसून मान डोलवत होते.

आता, मशीन अगदीच टाकाऊ नाही. एकच माणूस, एकच वेळ, उपाशीपोट, तर बदल कळतो. आणि कॅलिपरवाल्यांनीही, म्हणजे चिमट्यानं कातडीची घडी मोजणाऱ्यांनी, फार उड्या मारू नयेत. दंड, पाठ, कंबरेवरच्या चिमटीतून चरबी काढायचं डर्निन-वोमर्सलींचं १९७४ चं समीकरण ग्लासगोच्या लोकांवर बसवलेलं आहे, पऱ्हाटीतल्या बायांवर नाही.

तुमच्या गाइडना एवढंच विचारा, की मशीनमधलं समीकरण कुठल्या लोकांवरून काढलंय. 'ते कंपनीला माहीत' असं उत्तर आलं तर गाइड बदला.