गेमिंगसाठी मॉनिटर : २४ इंची की २७ इंची?

प्रश्न : माझ्याकडे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे. २७ इंची फुल एचडी मॉनिटर स्वस्तात मिळतो आहे. तो घ्यावा का?

उत्तर : घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. फुल एचडीचे १९२० × १०८० पिक्सेल (चित्र बनवणारे ठिपके) २७ इंची पडद्यावर पसरले की एका इंचात जेमतेम ८२ पिक्सेल येतात आणि हातभर अंतरावरूनही अक्षरांच्या व गेममधील तारेच्या कुंपणांच्या कडा दातेरी दिसू लागतात. २४ इंची पडद्यावर हीच घनता ९२ होते. २७ इंचीच हवा असेल, तर २५६० × १४४० चा पाहावा. तेथे घनता १०९ भरते, मात्र प्रत्येक फ्रेमसाठी (पडद्यावर उमटणाऱ्या एकेका चित्रासाठी) कार्डाला सुमारे पावणेदोन पट पिक्सेल रंगवावे लागत असल्याने जड गेममध्ये चित्राच्या दर्जाची सेटिंग्ज थोडी उतरवावी लागतील. आपण मुख्यतः व्हॅलोरंटसारखे वेगवान गेम खेळत असाल, तर २४ इंची, १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) फुल एचडी मॉनिटरच घ्यावा.