बाणेर-हिंजवडी रोज आणि महिन्यातून एकदा कोल्हापूर: मर्सिडीज जीएलसी ३०० घ्यावी की २२० डी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात बाणेर ते हिंजवडी रोज जाऊन-येऊन २० किलोमीटर, महिन्यातून एकदा आई-वडिलांना भेटायला कोल्हापूर, गाडी स्वतःच्या नावावर आणि आठ-दहा वर्षं ठेवायची. या वापराला माझं उत्तर डिझेलवरची २२० डी नाही, तर पेट्रोल, म्हणजे ३००.

आधी पैशांचा हिशेब, कारण बहुतेकजण तिथूनच डिझेलकडे वळतात. ऑगस्ट २०२३ मध्ये ही जीएलसी आली तेव्हा ३०० ची एक्स-शोरूम किंमत ७३.५ लाख होती आणि २२० डी ची ७४.५ लाख. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या गाडीला वैयक्तिक नावावर पेट्रोलला १३ टक्के आणि डिझेलला १५ टक्के रोड टॅक्स लागतो. म्हणजे ९.५५ लाख आणि ११.१७ लाख. किमतीतला एक लाख मिळवला की ऑन-रोड फरक २.६ लाखांच्या घरात जातो. आता इंधन. शहर आणि हायवे मिळून पेट्रोलला ९ आणि डिझेलला १३ चं ॲव्हरेज धरा, भाव १०४ आणि ९१ रुपये धरा. महिन्याला १,००० किलोमीटरला पेट्रोल साधारण ११,५०० चं, डिझेल ७,००० चं. वर्षाला ५४,००० ची बचत. म्हणजे डिझेलचे जास्तीचे पैसे वसूल व्हायलाच पावणेपाच वर्षं लागतात, आणि रनिंग निम्मं असेल तर साडेनऊ. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी ४० टक्के झाल्यावर किमती उतरल्या आहेत, तेव्हा आजचं कोटेशन घेऊन आकडे बदला. गणिताची रीत तीच.

गाडी कंपनीच्या नावावर घेणाऱ्यांसाठी मात्र चित्र पालटतं. तिथे पेट्रोल असो वा डिझेल, टॅक्स सरसकट २० टक्के. फरक सव्वा लाखाच्या आत येतो आणि याच रनिंगला सव्वादोन वर्षांत फिटतो.

पण तुमच्या बाबतीत खरा मुद्दा डीपीएफचा, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टरचा आहे. डिझेलच्या एक्झॉस्टमधली काजळी या फिल्टरमध्ये साठते आणि काहीशे किलोमीटरनंतर गाडी ती आपोआप जाळते. त्यासाठी फिल्टरमध्ये ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि ते टिकायला गाडी ५०-६० च्या वर १५-२० मिनिटं सलग चालावी लागते. बाणेर ते हिंजवडी सकाळी नऊ वाजता हे कुठे जमणार? इंजिन धड तापेपर्यंत ऑफिस येतं. काजळी जाळण्याचं काम सुरू असतानाच तुम्ही गाडी बंद केली तर ते अर्धवट राहतं, पुढच्या फेरीला पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं. तापमान वाढवण्यासाठी सिलिंडरमध्ये जे जादा डिझेल सोडलं जातं, त्यातलं थोडं भिंतींवरून ओघळून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. अशा गाडीत ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. पातळ झालेलं ऑइल टर्बोच्या बेअरिंगला घातक.

काजळी जाळणं चालू आहे हे ओळखता येतं: उभ्या गाडीचा आरपीएम नेहमीपेक्षा जरा चढा, स्क्रीनवरचं तात्पुरतं ॲव्हरेज एकदम घसरलेलं, इंजिन बंद केल्यावरही पंखा जोरात फिरतोय, चाकांजवळ गरम जळकट वास. अशा वेळी घराच्या गेटवरून पुढे जा, बायपासला लागा आणि स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर खाली ठेवून आरपीएम २,००० च्या वर राखत २० मिनिटं चालवा. तुमची कोल्हापूरची फेरी हे काम उत्तम करेल, पण महिन्यातून एकदाच. मधल्या ४०० किलोमीटरच्या गर्दीत काजळी जाळण्याचं काम एखाद्या वेळी अर्धवट तुटणार हे नक्की. हीच कोल्हापूरची फेरी दर आठवड्याची असती तर मी डोळे मिटून २२० डी सांगितली असती.

डिझेलबरोबर ॲडब्लूही येतं, म्हणजे एक्झॉस्टमधले घातक वायू कमी करणारं युरियाचं द्रावण. त्याची टाकी वेगळी असते. टाकी रिकामी झाली की बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही, म्हणून पहिल्या इशाऱ्यालाच भरा. सीलबंद कॅन घ्या, त्यावर आयएसओ २२२४१ लिहिलेलं बघा. चुकून ते डिझेलच्या टाकीत गेलं तर इग्निशनही ऑन करू नका. पंप फिरला की ते सगळ्या इंधन यंत्रणेत जातं. टो करूनच न्या.

एवढं सांगूनही २२० डी चं कौतुक केलंच पाहिजे. १९७ अश्वशक्ती कागदावर कमी वाटते, पण ४४० एनएम टॉर्क १,८०० आरपीएमपासून हाताशी असतो. खंबाटकी किंवा आंबोली घाटात पाच माणसं आणि सामान घेऊन ती जशी निवांत चढते, त्याला तोड नाही. ३०० ला २५८ अश्वशक्ती आणि ४०० एनएम आहे. ०-१०० ला ६.२ सेकंद, डिझेलला ८. सिग्नलवरून निघताना ४८ व्होल्टची छोटी इलेक्ट्रिक मोटर दोन्हींत इंजिनला मदत करते.

पेट्रोलचे तोटे: गर्दीत ॲव्हरेज ७-८ वर आलं तर दचकू नका. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे ई-२० मुळे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे, सहा-सात टक्के ॲव्हरेज तिथेच जातं. टाकीच्या झाकणामागचं स्टिकर वाचून त्यावर लिहिलेल्या ऑक्टेनचंच इंधन भरा. छोट्या फेऱ्यांत पेट्रोल इंजिनच्या ऑइलमध्येही पाणी साठतं, म्हणून किलोमीटर कमी भरले तरी वर्षातून एकदा ऑइल बदला.

एएमजी जीएलसी ४३ कूपे तुमच्यासाठी नाही. मागे बसणाऱ्या वडीलधाऱ्यांना तिचं सस्पेन्शन जाचेल, पैसे तर कितीतरी जास्त.

घेताना घासाघीस कुठे करायची तेही सांगतो. २०२१ पासून मर्सिडीज भारतात गाडी थेट ग्राहकाला विकते, म्हणून किंमत सगळीकडे सारखीच. जुन्या गाडीची एक्स्चेंज किंमत, विमा आणि सर्व्हिस पॅकेज यांवर मात्र बोलता येतं. विम्याचं कोटेशन बाहेरून आणा. झीरो डेप (घसारा न कापता भरपाई), रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाची रक्कम) आणि टायर कव्हर यांसोबत इंजिन प्रोटेक्ट घ्याच: पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात इंजिनने पाणी ओढलं तर साध्या पॉलिसीत तो खर्च बसत नाही. आणि पैसे भरण्याआधी चासी नंबरवरून गाडी कोणत्या महिन्यात बनली ते लेखी मागा.