'ग्राउंडहॉग डे' पहिल्यांदा बघतोयस ना? मग ऐक

अर्ध्या तासात बंद करू नकोस, एवढं आधी सांगतो. या हॉलिवूड सिनेमाचा नायक फिल एकाच दिवसात अडकतो, रोज उठला की तोच गजर, तेच सकाळचे 6, तीच 2 फेब्रुवारी. पहिल्या खेपेला मीही वैतागून चहा टाकायला उठलो होतो. कप घेऊन परत आलो, तरी तोच दिवस चालू!

डबिंग नको, सबटायटल लाव. फिल झालेल्या बिल मरेचा तो आंबट चेहरा आणि तिरकस बोलणं एकत्रच चाखायचं.

जादू का झाली, हे 1993 चा हा सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. पटकथेच्या एका जुन्या खर्ड्यात म्हणे जुन्या प्रेयसीचा शाप होता. काढला ते बरं झालं. (आपल्याकडे असता तर एखादा बाबा आणि अंगठी नक्की घुसवली असती.)

खरी मजा दुसऱ्यांदा बघताना. फूटपाथला लागून एक डबकं आहे, फिलचा पाय पचकन आत जातो. पुढच्या सकाळी त्याच वळणावर तो काय करतो, ते बघत राहा. आणि त्याची सहकारी रिटा! तिच्या आवडीनिवडी पाठ करून तो तिला पटवायला जातो, तेव्हा थपडांची रांगच लागते. मी तो भाग दर वेळी मागे घेऊन बघतो.